बायपोलरच्या अभ्यासात बीडीएनएफ कसं तपासावं: खानदेशातल्या छोट्या लॅबसाठी

बीडीएनएफ हे चेतापेशींना जगवणारं प्रथिन. सीरममध्ये (रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पाण्यात) ते मोजलं जातं, पण त्यातलं बहुतेक थेट मेंदूतून आलेलं नसतं. ते प्लेटलेटमध्ये साठून असतं आणि रक्त गोठताना बाहेर सांडतं. ही गोष्ट आधी डोक्यात पक्की बसली की पुढच्या निम्म्या चुका टळतात. रक्त किती वेळ गोठू दिलं, खोली किती तापलेली होती, पेशंटला महिन्याभरात डेंग्यू होऊन गेला का, या सगळ्यांनी आकडा हलतो. आजाराने तो हलतोच, पण बाकीच्या गोष्टींनी जास्त हलला तर शेवटी हातात उन्हाळ्याचा अभ्यास येतो, बायपोलरचा (कधी मेनिया म्हणजे अतिउत्साह, कधी नैराश्य अशा आजाराचा) नाही.

ही मार्गदर्शिका जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आणि लॅब सांभाळणाऱ्यांसाठी आहे. हाताशी साध्या लॅबचं सामान, एक -८० अंशांचा फ्रीझर (तोही कधी कधी दुसऱ्या विभागाचा), एलायझा रीडर (रंगावरून प्रथिन मोजणारा) आणि पीसीआर मशीन (डीएनएचा तुकडा वाढवणारं) एवढं धरलं आहे.

आधी थोडं, नेमकं काय मोजायचं त्याबद्दल

चेतापेशी वाढवणाऱ्या आणि जगवणाऱ्या प्रथिनांमध्ये पहिलं सापडलं ते एनजीएफ (नर्व्ह ग्रोथ फॅक्टर). त्यासाठी रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चं नोबेल मिळालं. बीडीएनएफ हे त्याचं भावंड. १९८२ मध्ये बार्ड आणि थोएनेन यांनी ते डुकराच्या मेंदूतून वेगळं केलं. पेशीत ते आधी लांब रूपात बनतं, त्याला प्रोबीडीएनएफ म्हणतात. मग तोडून ११९ अमिनो आम्लांचं पक्व रूप तयार होतं. पक्व रूप ट्रकबी या ग्राहीला (पेशीवरच्या रिसेप्टरला) चिकटून पेशीला जगवतं आणि जोडण्या घट्ट करतं. लांब रूप पी७५ या दुसऱ्या ग्राहीला चिकटलं तर काम जवळजवळ उलटं होतं. म्हणून कुठला एलायझा संच (किट) कुठलं रूप पकडतो, हे पहिल्याच दिवशी पुस्तिकेत वाचून वहीत लिहा. दोन्ही रूपं मिसळून मोजणारा संच आणि फक्त पक्व रूप मोजणारा संच, यांचे आकडे एका तक्त्यात कधीच बसवू नका.

बीडीएनएफचं जनुक ११ व्या गुणसूत्रावर आहे. सगळ्यात जास्त तपासला गेलेला बदल म्हणजे आरएस६२६५, ज्याला लोक व्हॅल६६मेट म्हणतात. ६६ व्या जागी जीटीजी असेल तर व्हॅलीन, एटीजी असेल तर मेथायोनिन. जागा पक्व प्रथिनात नाही, तोडून टाकल्या जाणाऱ्या भागात आहे, तरी तिचा परिणाम होतो: मेट असलं की पेशी उत्तेजित झाल्यावर बाहेर पडणारं बीडीएनएफ कमी भरतं. हे २००३ मध्ये दाखवलं गेलं. गंमत अशी, की त्याच्या आदल्याच वर्षी कुटुंबांवरच्या दोन अभ्यासांत बायपोलरशी जोडलं गेलं होतं ते मेट नव्हे, व्हॅल. पुढच्या बऱ्याच अभ्यासांत तेही टिकलं नाही. 'मेट म्हणजे वाईट जनुक' असं कोणी शिकवत असेल तर तिथेच थांबवा.

प्रश्न निवडताना हिशेब करा

दरवर्षी ठरलेला विषय येतो: '६० बायपोलर, ६० निरोगी, व्हॅल६६मेट बघू.' करू नका. दक्षिण आशियात मेटचं प्रमाण साधारण पाचात एक आहे. या बदलाने धोका वाढत असलाच तर तो १.१ पटीच्या आसपास. एवढा फरक ८० टक्के खात्रीने पकडायचा तर प्रत्येक गटात पाच हजारांवर माणसं लागतात. साठांमध्ये काही 'सिग्निफिकंट' निघालं, तर ते जनुकामुळे निघण्यापेक्षा योगायोगाने किंवा गट चुकीचे निवडल्यामुळे निघण्याची शक्यता जास्त.

एकेक जनुक हाताने निवडून बघण्याचा काळ बायपोलरमध्ये तसाही मागे पडला. २००८ मध्ये अख्ख्या जीनोमच्या तपासणीतून एएनके३ आणि सीएसीएनए१सी ही जनुकं पुढे आली. २०२१ मध्ये ४१,९१७ पेशंटांवरून ६४ जागा सापडल्या, आणि २०२५ मध्ये दीड लाखावर पेशंटांवरून २९८. आजार आनुवंशिक आहे हे खरंच. जुळ्यांच्या अभ्यासांतून ६० ते ८५ टक्के वाटा निघतो. पण तो वाटा शेकडो बारीकसारीक बदलांत विखुरलेला आहे.

छोट्या लॅबला जमणारी गोष्ट वेगळी आहे. मेनियात आणि नैराश्यात सीरम बीडीएनएफ खाली जातं, आणि पेशंट सावरला की बऱ्यापैकी वर येतं. म्हणजे एकाच माणसाचं रक्त दोनदा घ्या: मेनियात एकदा, सावरल्यावर एकदा. इथे माणूस स्वतःचाच कंट्रोल होतो. जात, आहार, तंबाखू, जनुक, सगळं दोन्ही वेळी तेच. मध्यम फरक (०.५ प्रमाणित विचलन) पकडायला ३४ जोड्या पुरतात. गळती धरून ४८ ते ५० जणांपासून सुरुवात करा. डीएनए काढून ठेवा, व्हॅल६६मेट वाचा, पण ते मुख्य प्रश्न म्हणून नको. पुढे कुणाच्या मोठ्या अभ्यासात सामील होता येईल एवढ्यासाठी.

गळती कुठे होते

मेनिया काही दिवस बघून येत नाही, त्यामुळे पहिला नमुना पेशंट येईल तेव्हा. आपल्या हातात आहे तो दुसरा, दहा-बारा आठवड्यांनंतरचा, आणि तोच हुकतो. पेशंट दिवाळीच्या आसपास भरती झाला असेल आणि घर अक्कलकुवा, धडगाव, तळोद्याकडचं असेल, तर दुसऱ्या तारखेला अख्खं कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत असण्याची शक्यता धरा. तारीख द्यायच्या आधीच विचारा, 'कुठे असाल तेव्हा?' मुकादमाचा नाही, घरात मागे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा किंवा आशाताईंचा फोन नंबर घ्या. जळगाव-धुळ्याकडे कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत बोलावलं तर मजुरी बुडते म्हणून लोक येत नाहीत. एसटीचं भाडं आणि बुडालेल्या दिवसाची भरपाई प्रस्तावातच मागा. नंतर कोणी देत नाही.

घराण्याची माहिती मात्र आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) काढा. लेकी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, तीन पिढ्या एका ओसरीवर सापडतात. आत्याच्या सासरी काय झालं, थोरल्या मावशीला बाळंतपणानंतर काय झालं होतं, हे पुरुषांना माहीत नसतं. त्या दिवशी रक्त मात्र काढू नका. एक तर सण, आणि दुसरं म्हणजे बाहेर ४४-४५ अंश.

वंशावळ काढताना इथे दोन घोटाळे हमखास होतात. एक नावांचा. एकाच माणसाला पुतणे 'जिभाऊ' म्हणतात, नातवंडं 'आबा' म्हणतात आणि गाव आडनावाने ओळखतं. कागदावर त्याचे तीन आजारी काका होतात. प्रत्येक माणसाला क्रमांक द्या आणि 'कुणाचा कितवा मुलगा' हे विचारून पक्कं करा. दुसरा घोटाळा नात्यातल्या लग्नांचा. मामाच्या मुलीशी लग्न झालेलं असेल तर दोन्ही बाजूंचा आजोबा एकच निघतो. थेट विचारा: 'लग्नाआधी नातं होतं का?' वंशावळीत अशा लग्नाला दुहेरी रेघ.

लक्षणं विचारताना पुस्तकी प्रश्न आपटतात. 'झोपेची गरज कमी झाली होती का' यावर कोणी काही बोलत नाही. 'तुमले रातले झोप लागस का?' असं सुरू केलं की गाडी पुढे सरकते: तीन रात्री जागून बांध घातला, न विचारता बैल विकला, लग्नात सगळ्यांना लुगडी वाटली. 'अंगात येतं' एवढ्यावरून मेनिया लिहू नका. ते ठरावीक दिवशी, ठरावीक जागी येत असेल आणि मधल्या काळात माणूस नीट काम करत असेल, तर ती वेगळी गोष्ट. सलग आठवडाभर झोप कमी, बोलणं वाढलेलं, खर्च हाताबाहेर, असं असेल तरच पुढे जा. निदान एमआयएनआयसारख्या रचनाबद्ध मुलाखतीने पक्कं करा. मेनियाची तीव्रता यंग स्केलवर मोजा: भरतीला २० किंवा वर, सावरल्याचा नमुना ७ किंवा खाली. मधल्यांना आणखी दोन आठवडे थांबवा.

संमती

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे संशोधनासाठी त्या व्यक्तीची स्वतःची संमती लागते. ती देण्याच्या स्थितीत माणूस नसेल तर नुसती भावाची सही पुरत नाही, राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते. सोपा मार्ग: ज्याला समजतंय आणि जो हो म्हणू शकतो, असाच पेशंट घ्या, आणि सावरल्यावर दुसऱ्या नमुन्याच्या वेळी संमती पुन्हा वाचून घ्या. तेव्हा कोणी नाही म्हणालं तर पहिला नमुनाही बाद. डीएनए साठवणं आणि ते पुढच्या अभ्यासाला देणं, यासाठी वेगळी ओळ, वेगळी सही.

बल्बवर (रक्ताच्या नळीवर) नाव-गाव लिहू नका, कोड लिहा. घराण्यात 'डोक्याचा आजार' आहे ही बातमी फुटली तर सोयरीक मोडते. कोड आणि नावाची जोडवही कुलपात, लॅबच्या बाहेर.

रक्त काढणं: इथे सावकाश वाचा

सकाळी ८ ते १०, उपाशीपोटी. दुसरा नमुनाही त्याच वेळात, कारण दिवसभरात पातळी बदलते. पेशंट शेतावरून किंवा स्टँडवरून चालत आला असेल तर अर्धा तास बसवून ठेवा; अंगमेहनतीनंतर बीडीएनएफ तात्पुरतं वर जातं. शेवटची बिडी, तंबाखू, मिश्री, दारू कधी, हे विचारा. 'दारू पिता का' विचारलं की नाही म्हणतात, 'मोहाची की देशी' विचारलं की सांगतात.

लाल बल्ब ५ मिली, त्यानंतर रक्त गोठू न देणारे जांभळे इडीटीए बल्ब दोन: ३ मिली डीएनएसाठी, २ मिली सीबीसीसाठी (रक्तपेशींच्या मोजणीसाठी). क्रम उलटा करू नका, इडीटीएचा थेंब लाल बल्बात गेला तर गोठणं बिघडतं. हिरवा हेपॅरिन बल्ब डीएनएला चालत नाही, हेपॅरिन पीसीआर अडवतं. आणि त्याच वेळी लिथियमची (बायपोलरवरच्या औषधाची) पातळीही पाठवायची असेल तर हिरव्या बल्बाला हातच लावू नका. त्यातलं हेपॅरिन बहुतेक वेळा लिथियमचं क्षार असतं, पातळी खोटीच वर चढते आणि कोणीतरी घाबरून चांगला चाललेला डोस बंद करतं.

२१ नंबरची सुई, पट्टा एक मिनिटाच्या आत सोडा. सिरिंजने काढलं तर सुई काढून बल्बाच्या भिंतीवरून हळू सोडा. पिचकारी मारली की पेशी फुटतात. लाल बल्ब पाच-सहा वेळा हलक्या हाताने उलटा-सुलटा करा, जांभळा आठ-दहा वेळा. हलवायचं म्हणजे घुसळायचं नाही.

आता घड्याळ लावा. लाल बल्ब उभा, २५ अंशांवर, बरोबर ६० मिनिटं. गोठायला दिलेल्या पहिल्या तासात बीडीएनएफ वाढत जातं. त्यामुळे एकाचं २० मिनिटांनी फिरवलं आणि एकाचं चहा पिऊन दीड तासाने, तर आकड्यांचा मेळ बसत नाही. 'खोलीचं तापमान' हे शब्द युरोपातल्या पुस्तिकेत ठीक आहेत; भुसावळला मे महिन्यात पंख्याखालची खोली ३८ ला असते. एसी नसेल तर माठातलं पाणी स्टीलच्या डब्यात घ्या, थर्मामीटर बुडवा, २५ ला आणा आणि बल्बचा स्टँड त्यात उभा करा. रक्त काढल्याची, फिरवल्याची आणि गोठवल्याची वेळ, तिन्ही लिहा. ती तीन वेळांची वही पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त कामाला येते.

सेंट्रीफ्यूज १५०० ते २००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट), १० मिनिटं. मशीनवर आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) असतात, जी नाही, आणि '३००० वर फिरवा' या तोंडी सूचनेचा अर्थ प्रत्येक मशीनवर वेगळा. रोटरच्या मध्यापासून बल्बाच्या तळापर्यंत पट्टीने मोजा. हिशेब असा: ०.००००१११८ गुणिले सेंटीमीटरमधली त्रिज्या गुणिले आरपीएमचा वर्ग. १० सेंमी त्रिज्येला ३००० आरपीएम म्हणजे जेमतेम १००० जी, ४००० म्हणजे साधारण १८००. तो आकडा चिकटपट्टीवर लिहून झाकणावर लावून टाका.

वरचं सीरम काढताना तळातला पाव भाग सोडून द्या. गुलाबी झाक दिसली तर लिहा, लालसर दिसलं तर नमुना बाद. ५ मिली रक्तातून साधारण २ मिली सीरम मिळतं. २५० मायक्रोलिटरच्या सहा-सात कुप्या करा. एकच मोठी कुपी ठेवून दर वेळी वितळवणं-गोठवणं म्हणजे हाताने नमुना मारणं.

सीबीसी त्याच दिवशी झालंच पाहिजे, मुख्यतः प्लेटलेटसाठी. पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियाने प्लेटलेट ५०-६० हजारांवर आले असतील तर सीरम बीडीएनएफ पडणारच, त्याचा मनाशी संबंध नाही. ताप येऊन गेला असेल तर एक महिना थांबा. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल विचारल्याशिवाय आणि तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. विश्लेषणात प्लेटलेटची संख्या सोबत ठेवा. प्लेटलेटचा अडथळा टाळायला प्लाझ्मा (न गोठू दिलेल्या रक्तातलं पाणी) घ्यावा असं काही जण सुचवतात. तत्त्वतः बरोबर, पण प्लाझ्मातली पातळी सीरमच्या कित्येक पट कमी असते आणि फिरवण्यात जरा ढिलाई झाली की उरलेल्या प्लेटलेटच आकडा ठरवतात. इथल्या सामानात सीरमच बरं.

औषधं डोस आणि वेळेसह लिहा. लिथियम बीडीएनएफ वाढवतं. पेशंट लॅबपर्यंत येईस्तोवर तालुक्याला इंजेक्शन झालेलं असतंच, त्यामुळे 'औषधाशिवायचा पेशंट' शोधत बसू नका. काय, किती, कधी दिलं ते चिठ्ठीवरून उतरवा. विजेचे झटके दिलेले असतील तर तो पेशंट वेगळा ठेवा.

साठवण आणि वाहतूक

दोन तासांच्या आत -८० वर गेलं तर उत्तम. जमत नसेल तर -२० वर ठेवून आठवड्याच्या आत हलवा, आणि दोन्ही नमुन्यांना वागणूक सारखीच द्या. न फिरवलेला बल्ब बर्फाच्या पाकिटाला थेट चिकटवून नेऊ नका, पेशी फुटतात. मध्ये वर्तमानपत्राची जाड घडी.

कोरडा बर्फ रोज मिळेल असं धरून चालू नका. द्रव नायट्रोजन मात्र जनावरांच्या दवाखान्यांपर्यंत पोचतो, कृत्रिम रेतनासाठी. परवानगी काढून स्वतंत्र क्रायोकॅन भरून घेता आला तर धडगावहून धुळ्यापर्यंतचा प्रवास सुटतो. वळूच्या वीर्याच्या कांड्या आणि माणसाचं सीरम एका कॅनमध्ये नको, आणि कुप्या द्रवात बुडवू नका, वरच्या वाफेत टांगा. झाकणातून नायट्रोजन आत शिरला तर बाहेर काढताना कुपी फुटते आणि प्लास्टिक डोळ्यात जातं.

वीज जाते. जनरेटर आहे असं सांगतात, डिझेल आहे का ते विचारा. फ्रीझरच्या वरच्या कप्प्यात छोट्या बाटलीत पाणी गोठवून, बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवा. सोमवारी नाणं तळाशी दिसलं तर शनिवार-रविवारी काय झालं ते कळतं, डिस्प्लेवर -८० दिसत असलं तरी.

एलायझा

प्लेटच्या ९६ खणांत मानकं (माहीत असलेल्या पातळीची द्रावणं) आणि रिकामा मिळून ८, दुहेरी म्हणजे १६ खण. दोन कंट्रोल दुहेरी, ४ खण. उरले ७६, म्हणजे ३८ नमुने, म्हणजे १९ जोड्या. ३४ जोड्यांना दोन प्लेट लागतात. एकाच लॉट नंबरच्या दोन्ही मागवा. एका पेशंटचे दोन्ही नमुने एकाच प्लेटवर, शेजारी. हे मोडलं तर सगळा अभ्यास मोडला.

सीरम पातळ करूनच घालायचं. वरचं मानक मिलीलिटरला ४००० पिकोग्रॅमचं असेल आणि सीरममध्ये २५ नॅनोग्रॅम असेल, तर ५० पट पातळ केल्यावर ५०० पिकोग्रॅम उरतं, मानकांवरून काढलेल्या वक्राच्या मधल्या भागात. १० मायक्रोलिटर सीरम, ४९० द्रावण. २ मायक्रोलिटर घेऊन ९८ घालण्याची काटकसर करू नका, तिथे पिपेटची चूकच नमुन्याएवढी होते. आधी चार-पाच नमुन्यांवर २०, ५० आणि १०० पट करून बघा. गुणून सारखंच उत्तर आलं तर बरोबर.

प्लेट फ्रिजमधून काढून पाकिटासकट २५ अंशांवर येऊ द्या. गरम खोलीत थंड प्लेट ठेवली की कडेचे खण आधी तापतात आणि जास्त रंग देतात. मग कडेला बसलेला पेशंट उगाच बरा दिसतो. धुताना शेवटी टिश्यूवर उलटी आपटा, खणात थेंब राहता कामा नये. टीएमबी (रंग आणणारं द्रावण) घातल्यावर प्लेट अंधारात. आम्ल घालून रंग पिवळा झाला की १५ मिनिटांत ४५० नॅनोमीटरवर वाचा, ५४० किंवा ५७० चं वाचन वजा करा. वक्र चार-घटकी लॉजिस्टिक. सरळ रेघ ओढू नका. जोडखणांत १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर पुन्हा. प्लेट लावण्याआधी त्या दिवशीचं भारनियमन विचारून घ्या, रीडर युपीएसवर ठेवा. नमुना कुठला मेनियाचा, कुठला सावरल्याचा, हे प्लेट लावणाऱ्याला माहीत नसावं.

डीएनए आणि व्हॅल६६मेट

३ मिली रक्ताला मिठाची पद्धत पुरते, फिनॉल नको. लाल पेशी अमोनियम क्लोराइडच्या द्रावणाने (१५५ मिलिमोलर, तीन पट) फोडा, फिरवा, पांढरा गोळा उरेपर्यंत धुवा. मग १ मिली केंद्रक-द्रावण, ७० मायक्रोलिटर १० टक्के एसडीएस, प्रोटिनेज के, ३७ अंशांवर रात्रभर. सकाळी सहा मोलर मीठ ३३० मायक्रोलिटर, १५ सेकंद जोरात हलवा, फिरवा. वरचं नितळ पाणी दुसऱ्या नळीत, दुप्पट गार अल्कोहोल, आणि हळू उलटं केलं की पांढरा दोरा तरंगतो. दोरा दिसत नसेल तर बहुतेक वेळा रक्त बल्बात गुठळ्या होऊन आलेलं असतं. शुद्धतेसाठी २६०/२८० नॅनोमीटरच्या वाचनांचं गुणोत्तर १.८ च्या आसपास हवं.

कोविडच्या वेळी आलेलं रिअल-टाइम मशीन कोपऱ्यात झाकून पडलं असेल, तर आरएस६२६५ चा तयार प्रोब मागवा, काम एका दुपारचं. नसेल तर तुकडा वाढवून एनएलए-थ्री एन्झाइमने तोडा. ते सीएटीजी ओळखतं, आणि या जागी मेट असेल तरच सीएटीजी बनतं. म्हणजे तुटलं तर मेट, न तुटलं तर व्हॅल.

इथेच सापळा आहे. हे एन्झाइम नाजूक, -८० वर ठेवायचं. वीज गेली, एन्झाइम मेलं, की काहीच तुटत नाही आणि सगळं गाव व्हॅल-व्हॅल दिसतं. जेल सुंदर, पट्ट्या स्वच्छ, निकाल खोटा. म्हणून प्राइमर (तुकड्याची दोन टोकं ठरवणारे छोटे डीएनए) निवडतानाच असा तुकडा निवडा ज्यात दुसरीकडे एक कायमचं सीएटीजी आहे. ते प्रत्येक नमुन्यात तुटलंच पाहिजे. न तुटलं तर नमुना नाही, एन्झाइम तपासा. अर्धवट तुटलं तर मेट-मेट माणूस व्हॅल-मेट दिसतो. १० मायक्रोलिटर पीसीआर, ५ युनिट एन्झाइम, एकूण २०, ३७ अंशांवर तीन तास, मग ३ टक्के अगारोज. प्रत्येक जेलवर तिन्ही प्रकारचा एकेक माहीत असलेला नमुना आणि एक नुसतं पाणी. दहात एक नमुना दुसऱ्या माणसाने, न सांगता, पुन्हा करावा.

चिपवरून किंवा बाहेरून आलेल्या फाइलमध्ये एजी ऐवजी सीटी दिसेल. जनुक उलट्या धाग्यावर वाचलं जातं म्हणून. तिथे टी म्हणजे मेट. हे न कळल्यामुळे दोन गट उलटे लागलेले तक्ते बनतात.

शंभर जणांत मेट ०.२ असेल तर ६४, ३२, ४ असं वाटप अपेक्षित. व्हॅल-मेट फार कमी निघाले तर आधी एन्झाइम बघा, मग यादी. लेवा, मराठा, गुजर, भिल, पावरा सगळे एका पिशवीत घातले, आणि प्रत्येकात लग्नं आपापल्यात होत असली, तर मधले कमी दिसणारच. त्याहून वाईट म्हणजे पेशंट नंदुरबारच्या वॉर्डातले आणि निरोगी मंडळी कॉलेजच्या स्टाफमधली. मग जे निघतं तो दोन समाजांतला फरक असतो, आजाराचा नाही.

घरच्यांना काय द्यायचं

'रिपोर्ट कधी?' असं विचारतीलच. व्हॅल६६मेटचा निकाल आणि बीडीएनएफचा आकडा देऊ नका. त्यावरून एका माणसाचं निदान ठरत नाही, औषध ठरत नाही, मुलीचं लग्न तर नाहीच नाही. बीडीएनएफ नैराश्यातही कमी होतं आणि स्किझोफ्रेनियातही. पैसे घेऊन 'मूड जीन पॅनल' करून आणलेला कोणी पेशंट आला तर रागावू नका, हेच सांगा. मुलांना होईल का, याचं उत्तर देता येतं: आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला असेल तर शंभरात साधारण पाच ते दहा जणांना होतो, म्हणजे नव्वदांहून जास्त जणांना होत नाही.

सीबीसी, क्रिएटिनिन, थायरॉइड आणि लिथियमची पातळी मात्र आठवड्याच्या आत कागदावर द्या. तपासण्या झाल्याच आहेत, त्यांचा उपयोग पेशंटला आज आहे. लिथियमचं रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी काढलेलं असावं. दुसरा नमुना उन्हाळ्यात येत असेल तर घरच्यांना बसवून सांगा: शेतात जाताना पाणी भरपूर, मीठ एकदम बंद करायचं नाही, अंगदुखीला दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घ्यायचं नाही, जुलाब-उलट्या लागल्या की त्या दिवशी गोळी थांबवून डॉक्टरला फोन. हात जास्त थरथरणं, तोल जाणं, बोबडं बोलणं दिसलं तर उद्यावर ढकलायचं नाही. मुलाखतीत कोणी जिवाचं बरंवाईट करण्याचं बोललं तर प्रश्नावली तिथेच बंद करून मानसोपचार तज्ज्ञाकडे स्वतः घेऊन जा. रात्री-अपरात्रीसाठी घरच्यांना टेलिमानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा) १४४१६ हा नंबर रिपोर्टच्या कागदाच्या वरच्या कोपऱ्यात, मोठ्या आकड्यांत लिहून द्या.